सल्ला जांगडावर

मुंबईच्या हिरे बाजारात एक जुना शब्द अजून रोज कानावर पडतो: जांगड. व्यापारी दलालाच्या हातात हिऱ्यांची पुडी देतो, सोबत एक चिठ्ठी देतो. माल विकला गेला तर पैसे आणून द्यायचे, नाही विकला तर पुडी परत. तोवर माल देणाऱ्याचाच. पूर्वी पेठेतला कापडवालाही ओळखीच्या घरी चार लुगडी अशीच पाठवून देई. बायकांनी निवांत पाहावीत, एखादे ठेवून घ्यावे, उरलेली परत धाडावीत. काही ठिकाणी याला ‘जाकड’ म्हणत. नाव कोणतेही असो, व्यवहाराचे मर्म एकच: माल खपला नाही तर तोटा देणाऱ्याचा.

हे प्रकरण हिऱ्यांवर नाही, लुगड्यांवरही नाही. दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या विद्यापीठांमधून मध्य अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत जाणाऱ्या आणि तिथल्या दुकानदारांना, विणकरणींना, बचत गटांना धंद्याचा सल्ला देणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल ते आहे. विशी-बाविशीचा मुलगा, ज्याने आयुष्यात कधी किलोभर साखर विकलेली नाही, तो तीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या बाईला काय सांगणार? प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना जांगड हा शब्द आपल्या कामी येईल.

नाकावरची चाळिशी

ग्वाटेमालाच्या वायव्येला कुचुमातानेस नावाची डोंगररांग आहे. तिच्या कुशीत नेबाज, चाहूल आणि कोत्साल ही तीन गावे. हा इशील लोकांचा मुलूख. इशील ही माया कुळातली भाषा. सरकारदरबारची स्पॅनिश इथल्या कित्येक बायकांना आजही परकी वाटते. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे ग्वाटेमालात यादवी चालली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लष्कराने इशील खेडी जाळली, माणसे मारली, उरलेल्यांना डोंगरात पळवून लावले. २९ डिसेंबर १९९६ला शांतता करार झाला. पुढे १९९९मध्ये सत्यशोधन आयोगाने मृत आणि बेपत्ता माणसांचा आकडा दोन लाखांहून अधिक सांगितला आणि या भागात लष्कराने जे केले त्याला वंशसंहार म्हटले.

युद्ध संपल्यावर इथे मदत आली, तीही बहुतेक फुकट. ग्रेग व्हॅन कर्क नावाचा तरुण याच सुमारास नेबाजला पोहोचला. आधी तो गुंतवणूक बँकेत नोकरीला होता. ती सोडून ‘पीस कोअर’चा स्वयंसेवक झाला होता. १९६१ साली अध्यक्ष केनेडींनी सुरू केलेल्या या सरकारी योजनेत माणूस दोन वर्षे एका गावात राहतो. धूर घराबाहेर नेणाऱ्या चुली, नेबाजला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खानावळ, असे छोटे उद्योग त्याने गावकऱ्यांबरोबर करून पाहिले. मग जॉर्ज ग्लिकली या दुसऱ्या माजी स्वयंसेवकाबरोबर २००४मध्ये संस्था काढली. त्यांनी विकायला घेतलेली एक वस्तू होती वाचायचा चष्मा.

मराठीत या चष्म्याला आपण सरळ ‘चाळिशी’ म्हणतो. वय आणि वस्तू एकाच शब्दात. चाळिशीच्या आसपास डोळ्यातले भिंग ताठरते आणि जवळचे धूसर होते. याला कायमचे औषध नाही, पण उपाय अगदी स्वस्त आहे: एक ते तीन नंबरची साधी भिंगे. कारकुनाला चाळिशी नसली तर तो कागद लांब धरतो. इशील विणकरीण काय करणार? तिचा माग कमरेला बांधलेला. एक टोक झाडाला किंवा खांबाला, दुसरे तिच्या पाठीमागच्या पट्ट्याला. ‘वीपील’ म्हणजे तिथल्या बायकांचा भरगच्च नक्षीचा सदरा. त्याची नक्षी एकेक धागा मोजून उतरते. माग लांब सरकवता येत नाही, कारण तो अंगालाच जोडलेला असतो. हातांना वर्षानुवर्षांची सवय असते, पण दोन धाग्यांच्या मधली फट डोळ्यांना दिसत नाही. ऐन कौशल्याच्या वयात विणकाम सुटते.

चष्म्याने किती फरक पडतो, याची मोजणी पुढे आसामात झाली. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चाळिशी ओलांडलेल्या ७५१ चहा खुडणाऱ्यांपैकी निम्म्यांना लगेच चष्मे दिले, निम्म्यांना नंतर. चष्मेवाल्यांची खुडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी सरस ठरली. बांगलादेशात २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात कारागीर-मजुरांचे उत्पन्न सुमारे एकतृतीयांशाने वाढले.

मग इतकी स्वस्त, इतकी उपयोगी वस्तू डोंगरातल्या खेड्यात का पोहोचत नव्हती? शहरातला चष्मेवाला तिथे जाणार नाही, कारण गिऱ्हाईक विखुरलेले. गावचा दुकानदार माल भरणार नाही, कारण ही वस्तू कधी कोणी मागितलेलीच नाही. एखाद्या बाईने कर्ज काढून पन्नास चष्मे आणावेत म्हटले, तर न खपलेल्या चष्म्यांचा हप्ता तिच्या चुलीवर येतो. छोट्या कर्जाची अडचण इथेच आहे. ओळखीच्या धंद्याला ते उपयोगी पडते. अनोळखी मालाचा जुगार मात्र ते सर्वांत गरीब माणसाला खेळायला लावते.

व्हॅन कर्कच्या संस्थेने गावातल्या बायकांना चष्म्यांची पेटी दिली, डोळे तपासायचा तक्ता दिला, शिकवले आणि एक पैसा घेतला नाही. चष्मा विकला की मूळ किंमत संस्थेला, वरचा नफा बाईला. नाही विकला तर परत. इंग्रजीत या पद्धतीला भारदस्त नाव मिळाले, त्यावर लेख आले. हिरे बाजारातल्या दलालाला विचाराल तर तो म्हणेल, यात नवीन काय, ही जांगड.

वीपीलचा हिशेब

विद्यार्थी आले ते या व्यवस्थेत. परदेशी उद्योगाशी विद्यार्थ्यांची गाठ घालण्याची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८मध्ये युरोपात ‘आयसेक’ ही विद्यार्थी संघटना उभी राहिली. तिने विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशांतल्या कंपन्यांत अनुभवासाठी पाठवले. २०००मध्ये एमआयटीच्या व्यवस्थापन शाळेने परदेशातल्या उगवत्या कंपन्यांबरोबर काम करण्याचा अभ्यासक्रमच आखला. ग्वाटेमालातला प्रयोग खेड्यापर्यंत उतरला. विद्यार्थी काही आठवडे गावातल्या कुटुंबात राहतात, मक्याच्या भाकऱ्या आणि काळा घेवडा खातात, मोडकीतोडकी स्पॅनिश बोलतात, गावोगाव डोळे तपासण्याच्या मोहिमांत हात लावतात, आणि एखाद्या विणकरणींच्या गटाचा किंवा दुकानाचा हिशेब मांडून देतात.

हा हिशेब म्हणजे नेमके काय, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. आकडे फक्त सोयीसाठी धरले आहेत. ग्वाटेमालाचे नाणे केत्साल. एका वीपीलला २०० केत्सालचे सूत लागले. बाजाराला जायचे-यायचे भाडे ४०. विकला गेला ६०० केत्सालला. बाई म्हणते, ३६० सुटले. विद्यार्थी विचारतो, किती दिवस लागले? महिना. रोज किती वेळ? ती जरा थांबून म्हणते, पाचेक तास. दीडशे तास झाले. ३६० भागिले १५०, म्हणजे तासाला २ केत्साल ४० सेंटाव्हो. विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. तो तिथल्या तिथे सल्ला देतो: किंमत वाढवा.

पुस्तकात हे बरोबर आहे. पण बाईच्या घरात दहा दिवस राहिलेला विद्यार्थी आणखी काही पाहतो. ते पाच तास सलग नसतात. मका शिजत असताना, मूल झोपले असताना, पाऊस पडत असताना ती मागावर बसते. त्या तुटक वेळाला दुसरे गिऱ्हाईक नाही. शिवाय वीपील हा तिचा माल आहे आणि तिची पुंजीही आहे, आपल्याकडे बाईच्या अंगावर डाग असतात तशी. ती तो विकते ते मुलाला ताप आला, शाळेची फी आली, छपराचा पत्रा उडाला म्हणून. अडलेला माणूस पहिल्या भावाला माल देतो. मग दुखणे किमतीच्या चिठ्ठीत नसून विकण्याच्या वेळेत आहे. दहा जणींनी महिन्याला थोडे थोडे साठवले आणि अडीनडीला तिथून उचलले, तर वीपील हंगामापर्यंत थांबू शकतो. पर्यटक येतील, लग्नसराई येईल, तेव्हा भाव मिळेल.

पहिला सल्ला पाच मिनिटांत सुचतो, दुसऱ्याला दहा दिवस लागतात, आणि तो सुचायला व्यवस्थापनाची पदवी लागत नाही. विद्यार्थ्याचा खरा उपयोग अनेकदा इथेच असतो. त्याच्याकडे अनुभव नसतो, पण भाबडे प्रश्न विचारण्याची मुभा असते. ‘तुम्ही हे कधी विकता?’ असे जाऊबाईने विचारले तर टोमणा ठरेल. परक्या मुलाने विचारले तर बाई हसून उत्तर देते, आणि उत्तर देता देता स्वतःही ते ऐकते.

गिऱ्हाईक कोण?

आता जरा अवघड गोष्ट. या सफरींचे पैसे कोण देते? विणकरीण देत नाही. विमानाचे तिकीट, राहणे, शिकवणी, संस्थेची फी हा सारा खर्च विद्यार्थी किंवा त्याचे विद्यापीठ करते. त्या फीतून बऱ्याचदा स्थानिक संस्थेचे पगार निघतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण बाजाराचा साधा नियम आहे: जो पैसे मोजतो तो गिऱ्हाईक. विद्यार्थी सल्लागार म्हणून येतो, पण वहीत त्याचे नाव गिऱ्हाइकांच्या रकान्यात असते. त्याला अनुभव हवा असतो, काही घडवल्याचे समाधान हवे असते, नोकरीच्या अर्जात लिहायला दोन ओळी हव्या असतात. सफर जर त्याच्याच सोयीने आखली, तर शेवटच्या दिवशी रंगीत तक्त्यांचा अहवाल सादर होतो, टाळ्या होतात, फोटो निघतो. अहवाल इंग्रजीत असतो. दुकानदारीण तो फडताळात ठेवते.

यावर सर्वांत कडक बोलला तो इव्हान इलिच. व्हिएन्नात जन्मलेला हा कॅथलिक धर्मगुरू मेक्सिकोत राहत असे. एप्रिल १९६८मध्ये उन्हाळी सेवेसाठी मेक्सिकोच्या खेड्यांत जायला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या परिषदेत त्याला बोलावले होते. त्याने यजमानांची भीडभाड ठेवली नाही. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: मेक्सिकोला जरूर या, डोंगर चढा, फुले पाहा, शिका, मदत करायला मात्र येऊ नका. सेवाच करायची असेल तर आपल्याच शहरातल्या गरीब वस्तीत करा. तिथले लोक तुमची भाषा बोलतात, तेव्हा तुमची मदत नको असेल तर ते तुम्हाला तोंडावर तसे सांगू तरी शकतील.

इलिचच्या भाषणातला राग लोकांच्या लक्षात राहिला. मला त्यातला शेवटचा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. मदत घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता आले पाहिजे. पाहुण्याच्या पानात वाढून झाल्यावर समोर बसणारी यजमानीण ‘तुझा सल्ला चुकीचा आहे’ असे म्हणत नाही. ती मान हलवते. विद्यार्थी तो होकार समजतो.

परत आलेला माल

मोठ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या व्यावसायिकांनीच छोट्या धंद्याला हात घातला तर? घानाची राजधानी अक्रा इथे डीन कार्लन, रायन नाइट आणि क्रिस्तोफर उड्री या अर्थतज्ज्ञांनी हे करून पाहिले. १६० छोटे शिंपी त्यांनी निवडले. त्यातल्या काहींना एका आंतरराष्ट्रीय हिशेबनीस कंपनीच्या स्थानिक सल्लागारांचे मार्गदर्शन दिले, काहींना २०० सेडी रोख दिले, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. शिंप्यांनी सल्ला मनापासून घेतला. वह्या घातल्या, पद्धती बदलल्या. पण नफा वाढला नाही. काही काळ घटलेलाच दिसला. वर्षभराने पाहिले तर बहुतेक जण जुन्या रीतीवर परतले होते. त्यांनी माल वापरून पाहिला होता, आणि खपत नाही म्हणून परत केला होता.

सल्ला मुळातच निरुपयोगी, असा याचा अर्थ घेऊ नये. डॉमिनिकन प्रजासत्ताकात ११९३ छोट्या कर्जदारांवर झालेला प्रयोग उलट बोलतो. एका गटाला रीतसर जमाखर्च शिकवला. दुसऱ्या गटाला आजीने सांगावेत तसे ढोबळ नियम सांगितले: धंद्याचा गल्ला वेगळा, संसाराचा डबा वेगळा, एकातून दुसऱ्यात पैसा जाऊ द्यायचा नाही, स्वतःला ठरलेला पगार घ्यायचा. रीतसर जमाखर्चाचा फारसा परिणाम दिसला नाही. ढोबळ नियमांनी मात्र लोकांच्या नोंदी सुधारल्या आणि मंदीच्या आठवड्यांतली विक्री सावरली. डब्याचा नियम डोक्यात राहतो, आणि नाही पटला तर दुसऱ्या दिवशी सोडून देता येतो.

तिसरा दाखला आपल्या दारातला आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांवर केलेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एका जागतिक कंपनीच्या सल्लागारांनी पाच महिने ठाण मांडले. सुताच्या साठ्याची नोंद, यंत्रांची वेळेवर देखभाल, कापडातल्या दोषांचा हिशेब, अशा ३८ रीती त्यांनी लावू पाहिल्या. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. संशोधक काही वर्षांनी परत गेले, तेव्हा लावलेल्या रीतींपैकी जवळपास अर्ध्या सुटल्या होत्या. तरीही त्या कारखान्यांची कामगिरी इतरांपेक्षा सरसच होती. ज्या कारखान्यात व्यवस्थापक बदलला, तिथे रीत सुटण्याची शक्यता अधिक होती. पाच महिने, पूर्णवेळ तज्ज्ञ, मोठे कारखाने, आणि तरी मालातला अर्धा परत. दहा दिवसांच्या विद्यार्थ्याने या आकड्यापुढे थोडे नम्र व्हायला हरकत नाही.

पेटी कोण मोजणार?

मग विद्यार्थ्यांनी जाऊच नये का? जावे, पण सल्ला जांगडावर न्यावा. म्हणजे तीन गोष्टी.

पहिली, माल लहान असावा. पन्नास पानांच्या व्यवसाय आराखड्यापेक्षा एक डबा, एक वही, एक प्रश्न. ज्याचा उपयोग महिन्याभरात कळेल आणि जो सोडून दिल्याने नुकसान होणार नाही, असा.

दुसरी, खपला नाही तर तोटा सल्ला देणाऱ्याच्या बाजूला राहावा. नवीन वाणाचा साबण करून पाहा असे सुचवायचे असेल, तर पहिल्या घाण्याचा खर्च सफरीच्या पैशातून जावा, बाईच्या गल्ल्यातून नव्हे. चष्म्याच्या पेटीत हे आपोआप होत होते. तोंडी सल्ल्यात ते मुद्दाम घडवावे लागते.

तिसरी, पेटी मोजायला कोणीतरी परत यायला हवे. जांगडाचा सारा डोलारा यावर उभा आहे. विद्यार्थी तर विमानात बसून गेलेला असतो, तेव्हा हे काम स्थानिक माणसाचेच. होंडुरासमधल्या ‘ग्लोबल ब्रिगेड्स’ या संस्थेच्या विद्यार्थी मोहिमा गावातल्या ‘काहा रुराल’बरोबर काम करतात. काहा म्हणजे पेटी. गावकऱ्यांनी स्वतःची बचत साठवून एकमेकांना कर्ज देण्याचा गट. आपल्या बचत गटाचे सख्खे भावंडच म्हणा. विद्यार्थी आठवडा-दहा दिवस राहून जातात. काहाची बैठक मात्र ते गेल्यावरही भरते, आणि त्यांनी सुचवलेली नवी वही चालू ठेवायची की बंद करायची हे तिथे ठरते. ग्वाटेमालातही पेटी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बायका तिथल्याच. त्यांना इशील येते, आणि नातेवाइकांच्या गावी उधारी कशी वसूल करायची हेही.

जांगडाच्या पेटीतून परत आलेला माल फुकट जात नाही, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते. सव्वा नंबरचे चष्मे परत आले आणि अडीचचे संपले, तर पुढची पेटी कशी भरायची ते कळते. त्या गावात म्हाताऱ्या विणकरणी जास्त आहेत, हेही कळते. परत आलेल्या सल्ल्यालाही हेच लागू आहे. अक्रातल्या शिंप्यांनी वह्या का मिटल्या, हे आपल्याला माहीत आहे, कारण वर्षभराने कोणीतरी त्यांच्या दारात परत गेले आणि हिशेब विचारला. नाहीतर त्या सफरीच्याही नावावर एक अहवाल, एक फोटो आणि बऱ्याच टाळ्या जमा झाल्या असत्या.